धाकटीच्या गळ्यातला टेप

मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे, मित्रांनो, तो बिचारा कधीच भंगारात गेला. मी माप घ्यायचा टेप, शिवणाऱ्यांच्या गळ्यात लोंबणारा. माझे सुरुवातीचे आकडे पुसट झालेत, एका टोकाची पितळी टोपी सैल झालीय. स्वभाव मात्र होता तसाच आहे. मला एका जागी स्वस्थ बसवत नाही. घडी घालून ठेवलं तरी मी हळूहळू उलगडतो आणि टेबलावरून खाली घसरतो. थोरली म्हणते, याला पाय नाहीत तरी पायाला भिंगरी आहे.

ही थोरली कोण ते सांगतोच. आधी माझ्या जन्माचं उरकून घेतो, कारण त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. एका कारखान्यात लांबच लांब पट्टी विणली गेली, तिच्यावर गुळगुळीत लेप चढला, एका अंगाला इंच छापले, दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर. मग कचाकच तुकडे पाडले. त्यातला एक तुकडा म्हणजे मी. गुंडाळून डबीत भरला, दुकानात सुयांच्या शेजारी ठेवला. सुयांशी कोणाचं पटलंय आजवर? मला तर कधी एकदा बाहेर पडतो असं झालं होतं.

मला विकत घेतलं दोन जावांनी. एका गल्लीत, जिन्याखालच्या अरुंद जागेत, दोघी मिळून बायकांचे कपडे शिवायचं दुकान थाटत होत्या. दोन मशीन, एक कापायचं टेबल, एक आरसा, आणि कोपऱ्यात माप घ्यायला पडदा. थोरली जाऊ कापायची, धाकटी माप घ्यायची आणि शिवायची. गल्लीनेही त्यांना थोरली-धाकटी हीच नावं लावली. थोरलीची जीभ तिखट. धाकटी हसरी, बारीक अंगाची, हाताने चपळ. मी पडलो धाकटीच्या गळ्यात आणि तिथेच राहिलो.

काय दिवस होते ते! पडद्याआड आली की प्रत्येक बाई श्वास रोखून पोट आत घ्यायची. धाकटी म्हणायची, "सोडा हो श्वास. नाहीतर ड्रेस घालून जन्मभर रोखून धरावा लागेल." बाई हसायची, पोट जागेवर यायचं, आणि तेवढ्यात मी कमरेभोवती फिरून आकडा सांगून मोकळा. छाती, कंबर, घेर, बाही, उंची. दिवसभर माझी नुसती धावपळ. धाकटीचा अंगठा जिथे यायचा तिथले माझे आकडे झिजले, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. तिच्या हातचा ड्रेस अंगावर असा बसायचा की बायका आरशासमोरून हलायच्या नाहीत. थोरली मग कात्री वाजवून म्हणायची, आरसा विकायचा नाहीये, ड्रेस घेऊन जा.

पडद्याआड बायका मापापेक्षा जास्त काही सांगायच्या. सासूचं, मुलांचं, नोकरीतल्या साहेबाचं. मी सगळं ऐकायचो. एक गोष्ट मात्र त्या अर्धीच सांगायच्या. "जरा सैल ठेवा हं, आमचे ते दिवस असले की..." आणि पुढे गप्प. धाकटीही मान हलवून गप्प. कापड कुठे आणि किती सैल ठेवायचं ते तिला बरोबर कळायचं, आणि विषय तिथेच मिटायचा.

आता या धंद्यातली एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलं. शिवणारीने आपलं माप आपण घ्यायचं नाही. आकडा बघायला मान खाली घातली की पोट आत जातं, मी पाठीमागे घसरतो आणि माप चुकतं. म्हणून दोघी जावा एकमेकींचं माप घ्यायच्या. उरलेल्या कापडातलं एखादं आवडलं की एकीने दुसरीला पडद्याआड ओढायचं, चेष्टामस्करी करायची, जाड झालीस म्हणून चिडवायचं. मला हे फार आवडायचं.

मग धाकटी टाळायला लागली. थोरलीने कापड काढलं की ती म्हणायची, "राहू द्या ताई, जुन्या ड्रेसवरूनच कापा. माझं माप कुठे बदलतंय?" थोरलीला वाटलं, कामाची घाई असेल. पण मी तर तिच्या गळ्यातच होतो. माझी दोन्ही टोकं तिच्या पोटापर्यंत लोंबायची. पूर्वी ती सरळ खाली पडायची, आता पोटावरून पुढे यायला लागली होती. गळा मात्र आणखी बारीक झाला होता. हात वाळले होते, चेहरा उतरला होता. सगळं अंग आटत चाललंय आणि पोट तेवढं वाढतंय, हे कसलं माप? मला चैन पडेना.

सुरुवात त्याच्याही आधी झाली होती. एका दुपारी मशीन चालवता चालवता धाकटी थोरलीला म्हणाली होती की पाळी आली की थांबतच नाही, अंगावरून खूप जातं, रक्ताच्या गाठी पडतात आणि कंबर तुटून येते. मित्रांनो, पाळी हा शब्द ऐकून कोणी खाली बघू नका. मुलगी मोठी झाली की तिला दर महिन्याला काही दिवस पाळी येते, जसे दात येतात, मिशी फुटते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ती किती दिवस टिकावी आणि किती रक्त जावं यालाही काही मर्यादा आहे. ती ओलांडली की डॉक्टरला विचारायचं असतं. थोरलीने मात्र कापडावरून मान वर केली नाही. म्हणाली, "बायकांचं चालायचंच हे. लक्ष दिलं की जास्त वाटतं." झालं. धाकटीने त्यानंतर तोंडातून शब्द काढला नाही.

त्याऐवजी ती कामाला लागली. म्हणजे शिवायला. पाळीसाठी चिंध्यांचे थर शिवून जाड घड्या करायची आणि पिशवीत लपवून आणायची. गडद रंगाशिवाय काही घालेना. पोट वाढलं तशी ड्रेसची शिवण उसवायची, आत सोडलेलं कापड थोडं बाहेर घ्यायची, पुन्हा टीप मारायची. पुढे चुण्या अशा बेमालूम घालायची की बघणाऱ्याला नवीन फॅशन वाटावी. मित्रांनो, अशी चूक फक्त शिवणारीच करू जाणे. दुसरी एखादी बाई कपडा घट्ट झाला म्हणून घाबरली तरी असती. हिला घाबरायची गरजच पडेना. कपडा घट्ट झाला? सैल कर. पुन्हा झाला? आणखी सैल कर. हातात कला होती ना, तीच नडली. अंगाची तक्रार ती शिवणीत मिटवत राहिली.

शिवाय खडू. कापडावर खुणा करायचा पांढरा खडू ती खायला लागली. आधी नुसता वास घ्यायची, मग कोपरा कुरतडायची, मग तुकडाच तोंडात. थोरली वैतागायची, दुकानात उंदीर झालेत म्हणायची, आणि खडू डब्यात ठेवायची. डब्यातलाही संपायचा. लघवीलाही सारखं जावं लागायचं. गल्लीच्या टोकाच्या मोरीची किल्ली समोरच्या घड्याळजींकडे असायची. धाकटी इतक्यांदा किल्ली मागायची की घड्याळजींनी शेवटी ती टेबलावर पुढेच काढून ठेवली. जिना चढून वरच्या मजल्यावर ड्रेस पोचवायचा म्हटलं की मधेच कठड्याला धरून उभी राहायची. मी तिच्या गळ्यात, तिचं काळीज माझ्याखाली धाडधाड उडायचं, आणि मला तोंड नाही. सांगा, मी काय करणार होतो? वळवळत होतो, दुसरं काय.

डॉक्टरकडे का जात नव्हती? भीतीने. गल्लीतली इस्त्रीवाली एकदा पडद्याआड सांगत होती की तिला असाच त्रास होता, एका ठिकाणी गेली, तिथे कोणी नीट काही समजावलंही नाही, आणि पिशवीच काढून टाकली. पिशवी म्हणजे गर्भाशय. मूल पोटात वाढतं ती जागा. धाकटीचं लग्न उशिरा झालं होतं. तिला मूल हवं होतं, फार हवं होतं. ग्राहकांच्या लहान मुली दुकानात आल्या की चिंध्यांच्या बाहुल्या करून द्यायची, आणि त्या गेल्या की उगाचच मशीन पुसत बसायची. डॉक्टरकडे गेलं की पिशवी जाणार, आणि पिशवी गेली की सगळं गेलं, असं तिने मनाशी धरलं होतं. म्हणून रोज रक्त जात होतं आणि ती रोज कामावर येत होती.

आणि मग व्हायचं तेच झालं. शाळेतल्या बाई ड्रेस घ्यायला आल्या. त्यांनी धाकटीचं पोट पाहिलं, तोंडात खडू पाहिला, आणि डोळे मिचकावले. खडू-माती खावीशी वाटणं म्हणजे डोहाळे, वाढलेलं पोट म्हणजे दिवस गेलेले. दोन आणि दोन चार करून त्या म्हणाल्या, अखेर गोड बातमी दिलीत म्हणायची! धाकटी हो म्हणाली नाही. पण नाहीही म्हणाली नाही. लाजून हसली. मला वाटतं, त्या क्षणापुरतं तिला ते खरं व्हावंसं वाटलं. शाळेतल्या बाईंनी जाता जाता घड्याळजींना सांगितलं, आणि घड्याळजींना सांगितलं म्हणजे गल्लीला सांगितलं.

धाकटीचा नवरा बेकरीत भट्टीवर रात्रपाळीला होता. ही घरी जायची तेव्हा तो निघायच्या गडबडीत, तो परतायचा तेव्हा ही दुकानात. म्हणून घरातल्या घरात तिला इतकं लपवता आलं. दुसऱ्या दिवशी तो भर दुपारी दुकानाच्या उंबऱ्यात उभा राहिला. केसांना पीठ तसंच होतं, झोपलाही नसावा. एरवी बोलायला कंजूष असा माणूस. त्याने हळूच विचारलं, घड्याळजी म्हणतात ते खरं का? धाकटीने शिवणीवरून नजर न काढता सांगितलं, "अजून काही नक्की नाही." त्याने त्यातलं जे हवं तेवढंच ऐकलं. संध्याकाळी तो पुन्हा आला, पाय ठेवायला एक बुटका स्टूल घेऊन. तिच्या मशीनखाली सरकवला, हलतो का ते दाबून पाहिलं, आणि गेला. पुढच्या आठवड्यात त्याने मालकाकडे दिवसपाळी मागितली.

स्टूल ठेवून तो गेला त्या संध्याकाळी धाकटीने त्यावर पाय ठेवले नाहीत. अंग चोरून बसली होती. आता खोटं एकटीचं राहिलं नव्हतं. काही महिन्यांनी बाळ कुठे आहे असं सगळे विचारणार होते. नवरा दिवसपाळीला आला की घरात काही लपणार नव्हतं. मी तिच्या गळ्यावरून सारखा घसरायचो आणि ती मला सारखी वर ओढायची.

थोरली मात्र रुसली होती. घरातली बातमी तिला घड्याळजींकडून कळली, हे तिला लागलं होतं. पण रुसवा फार टिकला नाही. तिने आपल्या ठेवणीतलं मऊ कापड बाहेर काढलं आणि जाहीर केलं की धाकटीला आता सैलसर, अंगाला टोचणार नाही असा झगा ती स्वतः शिवणार. धाकटी म्हणाली, जुन्यावरून कापा. थोरली म्हणाली, जुनं माप आता चालायचं नाही, माझे तीन झालेत, मला शिकवू नकोस. मला धाकटीच्या गळ्यातून ओढून घेतलं, तिला पडद्याआड ढकललं, आणि पडदा लावला.

मी कित्येक दिवसांनी धाकटीच्या पोटाभोवती गेलो. मित्रांनो, मी गर्भार बायकांची मापं पुष्कळ घेतलीत. ते पोट पुढून गोल असतं, एकसारखं असतं. हे तसं नव्हतं. एका बाजूला टणक, मधे खोलगट, दुसऱ्या बाजूला पुन्हा टणक. मी सरळ बसेना. थोरलीला वाटलं मी पिळलोय, म्हणून तिने बोटांनी मला सारखं केलं, आणि तिची बोटं तिथेच थांबली. तिने पुन्हा दाबून पाहिलं. मग वाकून ड्रेसची बाजू उलटी करून पाहिली. शिवणारीला शिवण वाचता येते. उसवलेल्या टाक्यांची भोकं एकाशेजारी एक दिसत होती, पुन्हा पुन्हा टीप मारलेली होती, आणि आत सोडलेलं कापड संपलं होतं. आता सैल करायला एक सूतही उरलं नव्हतं. खालच्या घडीतून रक्त आरपार आलं होतं, तेही तिला दिसलं.

"हे बाळ नाही," थोरली म्हणाली.

"माहीत आहे मला."

"अगं मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्हाला सांगितलं होतं, ताई. एकदा."

थोरलीला ते आठवलं. तिच्या हातून मी सुटलो आणि जमिनीवर पडलो. मग धाकटीचा बांध फुटला. पिशवी काढतील, मग माझं काय उरणार, यांना मी काय तोंड दाखवू, असं काहीबाही बोलत ती रडली. रडता रडता तिचे ओठ पांढरे पडले, डोळे फिरले, आणि ती भिंतीला टेकत खाली आली. थोरलीने तिला धरलं, तोंडावर पाणी मारलं. उचलून मला कसंतरी गळ्यात टाकलं, सवयीने, कोणाच्या ते तिचं तिलाही कळलं नसेल. दार ओढलं, घड्याळजींना रिक्षा आणायला पिटाळलं. अशा रीतीने मी थोरलीच्या गळ्यात दवाखान्यात पोचलो.

डॉक्टर एक शांत बाई होत्या. त्यांनी तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली, रक्त तपासायला पाठवलं. मग खुर्ची जवळ ओढून दोघींना समजावून सांगितलं. गर्भाशयाच्या भिंतीत गाठी वाढल्या होत्या. त्यांना फायब्रॉइड म्हणतात. पुष्कळ बायकांना त्या होतात, कित्येकींना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. त्या बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात. कोणाच्या चुकीने होत नाहीत, कोणाची नजर लागून होत नाहीत. पण काहींना त्यामुळे अंगावरून फार जातं, पाळी लांबते, पोट आणि कंबर दुखते, गाठ लघवीच्या पिशवीवर दाबली की सारखं जावं लागतं. रक्त जात राहिलं की शरीरातलं लोह कमी होतं, दम लागतो, चक्कर येते, आणि खडू, माती, बर्फ असलं काहीबाही खावंसं वाटतं. थोरलीने मान खाली घातली. उंदरांवर आळ घेतलेला तिला आठवला असणार.

धाकटीने एकच विचारलं. पिशवी काढणार का?

डॉक्टर म्हणाल्या की प्रत्येकीची काढत नाहीत. कोणाला नुसतं लक्ष ठेवून भागतं, कोणाला गोळ्या देतात, कोणाच्या फक्त गाठी काढतात आणि पिशवी राहते. गाठी केवढ्या, कुठे, बाईचं वय काय आणि तिला स्वतःला काय हवंय, यावर ते ठरतं. पण तिच्या गाठी फार मोठ्या झाल्या होत्या आणि रक्त फारच कमी झालं होतं. आधी रक्त चढवायचं, अंगात ताकद आणायची, मग ऑपरेशन. फक्त गाठी काढायचा प्रयत्न त्या नक्की करणार होत्या. आत रक्तस्राव आवरला नाही, तर मात्र पिशवी काढावी लागणार होती. त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. एवढंच म्हणाल्या की जरा आधी आला असतात तर माझ्या हातात जास्त मार्ग होते.

रात्री निरोप मिळाल्यावर नवरा बेकरीतून तसाच आला. थोरली उठून बाहेर जायला लागली, तर धाकटीने तिचा हात सोडला नाही. म्हणून मलाही सगळं ऐकायला मिळालं. धाकटीने सांगून टाकलं. बाळ नाही, कधीच नव्हतं, गाठी आहेत, आणि मी तुम्हाला फसवलं. मला वाटलं, आता हा ओरडणार. त्याने विचारलं, "दुखतं का?"

इतक्या दिवसांत तिला हे कोणीच विचारलं नव्हतं. ती ओक्साबोक्शी रडली. मग त्यालाही रडू आलं, आणि रागही आला. तू घरात अशी झिजत होतीस आणि मी पाव भाजत होतो, म्हणाला. बाळाचं त्याला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. वाटलं, त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण दुसऱ्या दिवशी तो स्वतः गल्लीत आला. घड्याळजींनी कसं काय विचारल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाळ नाही हो. पिशवीला गाठी आहेत, पाळीत फार रक्त जायचं. ऑपरेशन करायचंय." घड्याळजींच्या हातातला चिमटा तसाच राहिला. गल्लीत भर उजेडात एका पुरुषाने हे शब्द उच्चारले होते. आकाश काही कोसळलं नाही. उलट इस्त्रीवालीने थांबून विचारलं, कोणते डॉक्टर?

ऑपरेशनच्या सकाळी मी दुकानातच होतो, थोरलीने विसरून खिळ्याला टांगलेला. जे कळलं ते तिच्याकडूनच कळलं, नंतर. आत नेण्याआधी डॉक्टरांनी धाकटीला पुन्हा एकदा नीट विचारलं होतं. आणि इतके दिवस सगळं लपवत आलेली ती बाई सरळ बघत म्हणाली होती, "वाचवता आली तर पिशवी वाचवा. नाही आली तर मला वाचवा."

पिशवी वाचली नाही. डॉक्टरांनी शर्थ केली, पण गाठी फार खोल गेल्या होत्या आणि रक्त थांबेना. धाकटी वाचली.

पुढचे महिने माझे वाईट गेले. थोरली माप घ्यायची, पण तिचं लक्ष नसायचं. मला ओढायची, फेकायची, कापडाखाली विसरायची. एकदा इस्त्रीच्या खाली येता येता वाचलो. ग्राहक कुरकुरले, कोणाची बाही आखूड, कोणाची कंबर ढगळ. मी धुळीत लोळत होतो आणि सारखा दाराकडे कान लावून होतो. कान नाहीत मला, पण तुम्हाला कळलं ना.

धाकटी आली ती चालत आली. वरच्या मजल्यावर ड्रेस पोचवायला निघाली आणि मधे न थांबता जिना चढली. ओठांना रंग आला होता. खडूचा डबा उघडा पडला होता, तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मला झटकून पुसलं, गळ्यात टाकलं, आणि माझी टोकं पुन्हा सरळ खाली पडली. सगळं छान झालं असं मी सांगणार नाही. लहान मुली दुकानात आल्या की ती अजून बाहुल्या करते, आणि त्या गेल्यावर कधीकधी पडद्याआड जाऊन उभी राहते. एकदा आरशासमोर हळू आवाजात म्हणाली, "लवकर गेले असते तर ठरवायचं माझ्या हातात राहिलं असतं." तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं. बाई म्हणून ती काही संपली नाही, हे तिला आता पुरतं कळलंय. पण जे राहून गेलं ते राहूनच गेलं.

आता आजची गोष्ट. दुपारी दुकानात कोणी नव्हतं. थोरली कापत होती. कात्री मधेच थांबली. तिने दाराकडे पाहिलं, मग पडद्याआड गेली आणि तिथूनच धाकटीला हाक मारली. धाकटीला वाटलं, माप घ्यायचं असेल. ती मला सरसावून आत गेली. थोरली भिंतीकडे तोंड करून उभी होती. हळू आवाजात म्हणाली की तिचीही पाळी आली की लवकर थांबत नाही, महिन्यात दोनदा येते, मुलं झाल्यापासूनच जास्त जायचं, पण तिने कधी कोणाला सांगितलं नाही. तिच्या आईनेच तिला सांगितलं होतं, चालायचंच. तेच तिने धाकटीला सांगितलं होतं, कारण त्याहून वेगळं काही असतं हे तिलाही कोणी सांगितलेलं नव्हतं.

मी तयारच होतो. पण धाकटीने मला तिच्या कमरेभोवती नेलं नाही. मला काढून खिळ्याला लटकवलं. थोरलीच्या चपला तिच्या पायाशी आणून ठेवल्या.

"नको गं," थोरली म्हणाली. "मला भीती वाटते."

"मलाही वाटत होती, ताई. चला."

दोघी गेल्या. अजून आल्या नाहीत. दार ओढलेलं आहे, टेबलावर कापड अर्धवट कापलेलं पडलंय, आणि मी इथे लटकून नुसता हेलकावे घेतोय. थोरलीला काय निघेल? कदाचित काही नसेल, कदाचित गोळीने भागेल, कदाचित नाही. काही असलं तरी आज कळेल, उद्यावर जाणार नाही, एवढंच माझ्या जिवाला बरं वाटतंय.

मित्रांनो, मी टेप आहे. किती वाढलं ते मी सांगू शकतो, का वाढलं ते मला विचारता येत नाही. विचारायला तोंड लागतं, ते तुमच्याकडे आहे. तुमची आई, ताई, मावशी, काकू घरात थकलेली दिसते, बसल्या बसल्या ओठ आवळते, जिन्यात थांबते ना, तिला विचारा. मुलग्यांनो, तुम्हीही विचारा, तुमच्या तोंडाला काही होत नाही. ती हसून म्हणेल, काही नाही रे, चालायचंच. तेव्हा तिच्या चपला तिच्या पायाशी आणून ठेवा.